ओसरीच्या कोनाड्यातल्या रंगकांड्या

धार सोडली त्या दिवशी मी गाडीत बसायला तयार नव्हते. त्याचं कारण धारवरचं प्रेम वगैरे नव्हतं. माझी पाठ वळली की आई माझा रंगांचा डबा गोठ्यामागच्या उकिरड्यावर फेकणार, अशी माझी खात्री होती. म्हणून मी तो परकराच्या ओच्यात बांधला, वर गाठ मारली आणि गाठीवर हात ठेवून बसले. निरोपाला सगळी आळी जमली होती. दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, चुलतभाऊ उपरण्यानं डोळे पुसत होते, आईची ओटी भरली जात होती, आणि मी मात्र एकेकाच्या हाताकडे पाहत होते. गाडीवानानं मागे वळून विचारलं, "बई, इनी डब्बी में कंई हे?" मी म्हटलं, "काही नाही." तो हसला. तो का हसला असेल, याचा विचार मी इंदुरापर्यंत करत होते.

धारला मागे राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि आमच्यासारख्याच पोटापाण्यासाठी गाड्या जुंपून निघालेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ठकूचा संशयी स्वभाव जन्माचाच. खरं आहे. दूधवाल्याचं माप मी आजही स्वतः धुऊन घेते. पण हा गुण माझा एकटीचा नाही, आईकडून आलेला आहे, आणि तिचा तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होता.

डब्याची हकिगत अशी. माझे डोळे आले होते आणि दादा मला मिशनच्या दवाखान्यात गोऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. औषध घालताना मी रडले नाही म्हणून बाईंनी मला तो पत्र्याचा डबा बक्षीस दिला. आत मेणाच्या रंगीत कांड्या. त्यांना तिकडे क्रेयॉन म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आम्ही रंगकांड्याच म्हणत होतो. तोवर माझ्या माहितीचे रंग म्हणजे रांगोळीचे. रंगात रंग मिसळणं मी पाहिलं होतं ते आईच्या हातचं. हळदीत चुन्याची निवळी घातली की डोळ्यांदेखत पिवळ्याचं लाल व्हायचं. कांड्यांचं तंत्र वेगळं. पिवळ्यावर निळी कांडी फिरवली की हिरवा येतो, पण निळ्यावर पिवळी फिरवली तर तोच हिरवा येत नाही, जरा मळकट येतो. तांबड्यावर हलक्या हातानं पिवळी घासली तर पळसाचं फूल होतं. जुन्या पंचांगांच्या कोऱ्या पाठी रंगवता रंगवता हे सगळं मी शोधून काढलं, आणि कोणी चोरेल म्हणून कोणाला सांगितलं नाही.

आईनं डबा पाहिला आणि तिचा पहिला प्रश्न होता, "हे कशाचं केलंय?"

"मेणाचं," दादा म्हणाले.

"कशाच्या मेणाचं? माशीच्या, की कुठल्या जनावराच्या चरबीचं?"

दादांना काय ठाऊक! तेव्हा विलायती साखर हाडांच्या कोळशानं शुभ्र करतात असा बोभाटा झाला होता आणि आईनं ती साखर केव्हाच बंद केली होती. आमच्या घरात गुळाचा चहा होत असे, तोही दादांपुरता. अशा घरात परक्या मुलखातून आलेल्या, हाताला तेलकट लागणाऱ्या कांड्या! पण दिलेलं बक्षीस परत करणंही बरं दिसेना. शेवटी आईनं निवाडा दिला. डबा घरात यायचा नाही, ओसरीच्या कोनाड्यात राहील. रंगवून झालं की हात मातीनं घासून धुवायचे, परकर बदलायचा, मगच उंबरठा ओलांडायचा. "दुधानं तोंड पोळलंय आपलं, ताकही फुंकूनच प्यावं," ती म्हणायची. दुधानं तोंड कधी पोळलं होतं ते तिनं सांगितलं नाही.

देवासला आम्ही आलो ते दादांना एका राममंदिरात पुजाऱ्याची जागा मिळाली म्हणून. धारच्या देवळातली पूजा भाऊबंदांत वाटली जात जात दादांच्या वाट्याला वर्षातले थोडेच दिवस उरले होते. तेही निघताना ते चुलतभावांना देऊन आले. म्हणजे परतीचा दोर कापलेला. इकडे देवळामागचं घर राहायला, शिधा देवळाचा, आणि अट एकच. रामाचा रोजचा नैवेद्य पुजाऱ्याच्या घरी, सोवळ्यात, पुजाऱ्याच्या घरच्या बाईनं रांधायचा.

देवास म्हणजे तेव्हा एका गावात दोन राज्यं. थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन राजे, दोन कचेऱ्या. रस्त्याच्या या बाजूचा माणूस त्या बाजूच्या माणसाला नमस्कार करण्याआधी थांबून विचार करी. आमचं देऊळ एका पातीच्या हद्दीत आणि विहीर दुसरीच्या. पाणी भरायला गेलं की पहिला प्रश्न, "बडी पाँती के हो के छोटी पाँती के?" आई म्हणे, "धारचे." हे उत्तर कोणालाच पुरत नसे. नव्या माणसांकडे तिथे सगळे तिरक्या डोळ्यांनी पाहत, आणि खोटं कशाला बोलू, आम्हीही त्यांच्याकडे तसंच पाहत होतो. आईनं शेजारणीचं विरजण घेतलं नाही की कोणाच्या घरचं पाणी प्यायली नाही. गावभर झालं, धारची भटीण फार कडक.

या घरातही ओसरीला कोनाडा होता. डबा तिथे. आईवर माझा विश्वास नव्हताच, म्हणून सकाळी उठल्यावर आणि दिवेलागणीला मी झाकण उघडून कांड्या पाहत असे. एकेकीचं टोक, कुठे किती झिजली, सगळं मला पाठ होतं. मी रंगवत होते ते धारचं. किल्ल्याचा तांबूस दगड, कमळं असलेलं तळं. तळ्याचा हिरवा काही केल्या साधेना. पिवळ्यावर निळा, त्यावर पुन्हा पिवळा, वर जरासा करडा. धारला असताना त्या तळ्याकडे मी धड पाहिलंही नव्हतं. देवासला येऊन ते डोळ्यांपुढून हलेना.

घात झाला तो आईच्या सोवळ्यानंच. शेजारी बयोकाकू राहत. आमच्या आधीच्या पुजाऱ्यांची ती विधवा भावजय, आणि नैवेद्याचा मान वर्षानुवर्षं तिच्याकडे होता. आम्ही आलो आणि तो गेला. तिनं रोज पाहिलं, ही मुलगी खेळून उठते, विहिरीवर मातीनं हात घासते, तरी आई तिला ओरडते, "अजून घास, परकर बदल, तशी आत येऊ नकोस." बयोकाकू काही दुधखुळी नव्हती. चोराच्या मनात चांदणं, ती म्हणाली असेल. एवढं धुवायचं ते काय आहे? तिनं मला गोड बोलून डबा पाहायला मागितला. मी दिला नाही. पण झाकणावरची विलायती अक्षरं तिनं लांबून पाहिलीच. आईनं मला इतकं धुवायला लावलं नसतं, तर त्या कांड्यांकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं.

आठवड्याच्या आत देवळाचे कारभारी भाऊसाहेब आमच्या ओसरीवर येऊन बसले. मागे बयोकाकू, पदर डोक्यावर घेऊन, अगदी गरीब गाय. भाऊसाहेबांनी कोनाड्याकडे बोट केलं. "ये क्या रख्खा है, गुरुजी? लोक म्हणतात चरबी आहे. पुजाऱ्याच्या घरात चरबी, आणि त्याच घरचा नैवेद्य रामापुढे? मग आजवरचे सगळे नैवेद्य बाटले म्हणायचे."

डबा फेकून भागणारं ते राहिलं नव्हतं. चरबी ठरली असती तर आमची जागा गेली असती, घर गेलं असतं, आणि धारला परत जावं तर तिथे पूजेचा एक दिवसही आमचा उरला नव्हता. मी खांबाला धरून उभी होते. मला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर घरापेक्षा डब्याचं जास्त येत होतं.

तेव्हा दाराआडून आईचा आवाज आला. "मेण आहे भाऊसाहेब. माशीचं. अमझेऱ्याकडच्या भिल्लिणी धारला मेण विकायला येत, तोच वास. मी स्वतः एक कांडी दिव्यावर जाळून पाहिली, मगच ठेवून घेतली."

"मग पोरीला इतकं धुवायला का लावता?"

"रंगाचे हात धुतल्या कपड्याला लावते म्हणून. पोरीच्या जातीला वळण नको?" मग ती म्हणाली, "शेजारणीचं विरजण न घेणारी बाई मी. माझ्या घरात मी चरबी ठेवीन, असं वाटतं तुम्हाला?"

आईच्या ज्या कडकपणाची गावभर कुजबूज होती, त्याचीच साक्ष निघाली. भाऊसाहेब बयोकाकूकडे रागानं पाहून उठून गेले. दादा खांबाला टेकून खाली बसले. मी धावत जाऊन डबा उघडला.

सगळ्या कांड्या जशाच्या तशा होत्या. एकही जळकी नव्हती, एकही कमी नव्हती. दोन वेळा तपासणाऱ्या मला कोण फसवणार? आईनं काहीही जाळून पाहिलं नव्हतं. उभ्या जन्मात खोटं न बोललेली माझी आई, रामाच्या देवळाच्या भिंतीला लागून असलेल्या घरात, धडधडीत खोटं बोलली होती.

आता ती डबा विहिरीत टाकणार, म्हणून मी रात्रंदिवस पाळत ठेवली. तिनं टाकला नाही. झालं ते वेगळंच. पुढच्या एकादशीला आई दादांना म्हणाली, "माझा उजवा हात धरलाय. नैवेद्याचं बयोवन्संना सांगावं." दादांनी वैद्याचं नाव काढलं, ते तिनं उडवून लावलं. भाऊसाहेबांनीही अट सैल केली, आणि नैवेद्य बयोकाकूकडे परत गेला तो कायमचा. काकूनं विहिरीवर सांगितलं, धारवालीला मोठेपणा आलाय, रामाचं करायला नको. आईनं ऐकून घेतलं. त्याच धरलेल्या हातानं ती घरी पहाटे जातं ओढत होती, संक्रांतीच्या पोळ्या लाटत होती. एवढंच, की त्या हाताचं अन्न पुन्हा देवापुढे ठेवलं नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, हात खरंच दुखत असेल आणि कामापुरता बरा होत असेल. मोठी झाले, स्वतःचा संसार आला, तेव्हा संशय येऊ लागला. ज्याची खात्री नाही असा घास तिला रामाला द्यायचा नव्हता, आणि माझ्या हातून डबाही काढून घ्यायचा नव्हता. यातलं काय सोडायचं हे तिनं दाराआड उभ्या उभ्या ठरवलं असणार. मी तिला एकदा विचारलंही, "आई, खरं सांग, जाळली होतीस का ग?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुला कशाला नसत्या चौकशा? ते तळं पुरं कर आधी. धारचं पाणी इतकं काळं नव्हतं."

मग तिनंच बोट ठेवून दाखवलं, कुठे पिवळा जास्त हवा.

आता दोन्ही पात्या गेल्या, राजे गेले, विहिरीवर नळ आला. माझी नात हिंदी शाळेत जाते आणि मला म्हणते, "दादी, मिक्स मत करो, गंदा हो जाता है." तिला मराठी वाचता येत नाही, म्हणजे हे तिच्या हाती पडेल ही भीती नाही. लोक विचारतात, तुमचं गाव कोणतं, तर अजून माझ्या तोंडून धारच निघतं. पण धारला जाऊन आले मध्यंतरी. तळं पाहिलं. ते माझ्या कागदावरच्या तळ्यासारखं नव्हतं, आणि मला कागदावरचंच खरं वाटलं, आईनं बोट ठेवलेलं. ते त्या ओसरीवर झालं होतं, देवासच्या.

डब्यात एक तुकडा शिल्लक आहे, निळ्या कांडीचा, नखाएवढा. देवापाशी समई असते, काडीपेटी हाताशी असते. तुकडा ज्योतीवर धरायचा आणि वास घ्यायचा, एवढंच काम. दूधवाल्याचं माप धुऊन घेणारी बाई मी, इतक्या वर्षांत ते केलेलं नाही. आईनं सांगितलंय मेण आहे, तेव्हा मेण आहे.