मधे हॉल्ट नाही

अमेरिकेतल्या हर्नडन गावाच्या पुढे रेल्वेचे जुने रूळ उखडून सायकलींसाठी सपाट वाट केली आहे. तिथे दर रविवारी मला नागपूरच्या एक काकू भेटतात. नाव मी कधी विचारलं नाही. साठीनंतर त्या सायकल शिकल्या, तीही याच वाटेवर. "आगगाडीला चढ झेपत नाही, अन् मलाही," म्हणतात.

सायकल जावयाची, उंच. काकूंचे पाय जमिनीला टेकत नाहीत. त्यामुळे चढणं-उतरणं फक्त जुन्या स्टेशनांच्या फलाटावर पाय ठेवून. बाकीचे सायकलवाले मागून शिस्तीत "ऑन युअर लेफ्ट" म्हणत डावीकडून पुढे जातात. काकू लांबूनच "आली, आली, आली!" ओरडतात आणि फिरायला आलेले गोरे आजोबा कुत्र्यासकट गवतात उतरतात. वाटेत मी कधी पाण्याची बाटली पुढे केली, तर "मधे हॉल्ट नाही!" म्हणत त्या भुर्रकन पुढे.

गेल्या रविवारी शेतांच्या मधोमध माझ्या चाकाला खार आडवी आली. मी सपशेल आपटलो, गुडघा फुटला. तेवढ्यात मागून "आली, आली!"

"काकू, मी ओके आहे! तुम्ही जा!" मी ओरडलो.

काकूंनी एकदा माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि हँडल सरळ गवतात वळवलं. धप्प! मग अंबाड्यातलं गवतही न काढता रांगत माझ्यापाशी आल्या आणि रुमाल गुडघ्याला करकचून बांधू लागल्या.

"काकू, मधे हॉल्ट नाही ना?"

"नाहीच. पण तू साखळी ओढली ना, बाप्पा!"