नवऱ्याला बाजारात ‘ती’ गावली

मैत्रिणींनो, आज सकाळी मी नवऱ्याचं फोनवरचं बोलणं चोरून ऐकलं. लाज नाही वाटली.

तुये गावच्या कारखान्यातल्या मित्राला हे सांगत होते, "अरे, ती परत गावली! बाजारात मागे उभी आसा. कोणाक कळाक नाय!"

हातातला पाव ठेवला आणि विचारलं, "कोण गावली?"

"अगे, गेमातली छत्रीवाली!"

विश्वास कोण ठेवतो! मोबाइल ओढून घेतला, मागचे फोटोसुद्धा चाळले. खरंच, गेममधल्या बाजारात गर्दीच्या मागे छत्री घेतलेली तीच.

ही म्हणे एका जुन्या कोड्यांच्या गेमची नायिका. तो गेम फारसा कुणी खेळलाच नाही. आता गेम बनवणारे तिला दुसऱ्या गेममध्ये कुठेतरी मागे, पाहुणी म्हणून उभी करतात आणि हे दोघे तिला शोधत बसतात.

"तिच्या गेमात ती काय करायची?"

"बंद दारां उघडायची. एकटीच."

"आणि इथे?"

"काय नाय. नुसती दिसता."

नवऱ्यावरचा संशय गेला, दुसरा आला. लग्नाआधी डिचोलीत गणिताच्या शिकवण्या घेणारी मी, पेडण्याच्या या घरातल्या प्रत्येक फोटोत मागे चहाचा ट्रे घेऊन उभी आहे. हे कोणी ठरवलं?

तुमच्या घरातले जुने फोटो उघडून बघा जरा. तुम्ही कुठे उभ्या आहात?