सहा सवाऱ्या आणि रुक्माबाई

यादोराव शहारे चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला उभं राहता येतं ते फक्त चालत्या गाडीत. स्थिर जमिनीवर त्यांचा तोल जायचा. अंगणात उभे असले तरी एक हात आपोआप वर जायचा, दांडा शोधायचा आणि रिकामाच खाली यायचा.

गाव तिरोड्याकडचं, बोदलकसा तलावाला लागून. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात गोंदियाहून एक कार आली आणि आतल्या माणसांनी विचारलं, नाव कुठे मिळते. यादोराव सांगत बसले नाहीत, सरळ कारमध्ये चढले. दिवसभर त्यांनी त्या लोकांना तलावाच्या पाळीवरून म्हणजे बांधावरून, पाण्यावरून फिरवलं आणि संध्याकाळी कारमधून उतरले. तेव्हा ते लोक म्हणाले, "थँक्यू, गाईडसाहब." चौतीस वर्षांत लाखभर माणसं त्यांच्या गाडीतून उतरली असतील, पण उतरताना थँक्यू कुणी म्हटलं नव्हतं.

आठवड्याभरात पाळीच्या तोंडाशी पाटी लागली: प्रायव्हेट गाईड. पूर्ण दिवस. पाळ, पक्षी, आयलँड. सुटण्याची वेळ ९.००. परतीची वेळ ४.३०.

आयलँड म्हणजे तलावाच्या मधोमधची एक टेकडी. गावात तिला बरडी म्हणतात. उन्हाळ्यात पाणी आटलं की बकऱ्या तिच्यावर चालत जातात. पावसाळ्यानंतर ती बेट होते. वर्षातले सहा महिने का होईना, चारी बाजूंनी सुटं होता येणं ही मोठी गोष्ट आहे. माणसांना तेवढंही जमत नाही.

यादोरावांना इतिहास येत नव्हता, पक्ष्यांची नावं येत नव्हती. त्यांना अंतरं यायची आणि वेळा यायच्या. पाहुण्यांनी बदकांकडे बोट दाखवलं की ते म्हणायचे, "हे सायबेरियाचे. दिवाळीले येतात, होळीले जातात. वेळ पक्की. लेट नाई."

"सायबेरिया किती लांब आहे?"

"डायरेक्ट गाडी नाई," ते गंभीरपणे सांगायचे. "बदलावं लागते."

हे सगळं काम आहे यावर त्यांच्या बायकोचा विश्वास नव्हता.

रुक्माबाईंच्या मते नवरा सकाळी खाकी शर्ट घालून बाहेर पडतो, पाळीवर बसून लोकांच्या गाड्या पाहतो आणि संध्याकाळी थकल्याचं सोंग करून घरी येतो. त्यांचा मुलगा विवेक नागपूरला बँकेत होता, सून दीप्ती शाळेत शिकवायची, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. दोघांनी वर्षभर धोशा लावला होता: आता इकडेच या. एकदा यादोराव आणि रुक्माबाई महिनाभर राहूनही आले होते. त्या महिन्यात यादोराव रोज कोपऱ्यावरच्या स्टॉपवर जाऊन सिटीबसच्या वेळा वहीत लिहायचे आणि उशिरा आलेल्या कंडक्टरला कारण विचारायचे. एका कंडक्टरने विवेकला गाठून सांगितलं, "तुमच्या बाबांना आवरा." तेव्हापासून नागपूर म्हटलं की यादोराव विषय बदलायचे.

पण या वेळी विवेकने रविवारचा टेम्पोच ठरवून टाकला. सामान बांधून झालं. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर तेवढी राहिली होती, ती सगळ्यात शेवटी उतरवायची होती. बुधवारी जेवताना यादोराव पहिल्यांदा म्हणाले, "मी येत नाई. माझं काम आहे अठी."

"कोनतं काम?"

"गाईड."

रुक्माबाईंनी ताटातली भाजी संपवली, पाणी प्यायलं, मग बोलल्या, "उद्या मले फिरवून दाखवा. काम दिसलं तं राहू. नाई दिसलं तं रविवारी टेम्पोत बसा. पुढं बसा, मांगं बसा, पन बसा."

गुरुवारी मुन्नालालजींची पार्टी होती, हे यादोरावांचं नशीब. ते चांगलं की वाईट हे सकाळी नऊला कळायला मार्ग नव्हता.

मुन्नालालजींचं गोंदियात कापडाचं दुकान. रायपूरहून मुलीच्या सासरचे चार जण आले होते, त्यांना दिपवायचं होतं. स्वतः मुन्नालालजी, त्यांची बायको दुर्गेश्वरी आणि हे चार पाहुणे, अशा सहा सवाऱ्या. मागच्या वर्षी नवराबायको व्यापाऱ्यांच्या ग्रुपबरोबर बालीला जाऊन आले होते. तिथे गाडी, गाईड, सगळं प्रायव्हेट. एका दिवसात पूर्ण बेट. तेव्हापासून त्यांना दुसरं कुठलंही बेट दिसलं की बाली आठवायचं.

"बाली में गाईड ने उतरते ही फूलों की माला पहनाई थी," पाळीवर उतरताच ते म्हणाले.

यादोरावांनी खिशातून तिकिटं टोचायचा जुना पंच काढला आणि नावेच्या काठावर टिकटिक वाजवला. "बसून घ्या. लेडीज पुढं. सामान पायाखाली. दारात कोनी उभं राहू नका."

नावेला दार नव्हतं. व्याही मात्र दचकून खाली बसले.

रुक्माबाई मागे, नाव चालवणाऱ्या उदारामजवळ बसल्या. उदाराम मासेमारीवाला, यादोरावांपेक्षा दहा वर्षांनी लहान. पाण्यात हात घालून आज मासे कुठे आहेत ते सांगायचा आणि माणसांबद्दल सहसा काही सांगायचा नाही.

"हे रोज असेच बोलतात का, उदारामभाऊ?"

"रोज, वहिनी. काल एकाले म्हनत होते, छुट्टे तयार ठेवा. पैसे तं पाळीवरच घेतले होते."

रुक्माबाईंनी नुसतं "हूं" केलं. यादोरावांनी पाठमोरं असूनही ते ऐकलं. बायकोचा हूं त्यांना नावेच्या दुसऱ्या टोकावरून ऐकू यायचा, आणि त्याचा अर्थ लागायला पुढचं अख्खं पाणी पुरायचं नाही.

त्यांनी जीव तोडून काम केलं. पाळ किती लांब, पाणी किती खोल, इथून तिरोडा किती, तिरोड्याहून आमगावला जायचं तर गाडी कुठे बदलायची, हे सगळं सांगितलं. मुन्नालालजींनी विचारलं, "इस आयलँड का इतिहास क्या है?"

"सहा महिने बंद राहते," यादोराव म्हणाले.

व्याह्यांपैकी सगळ्यात वयस्कर गृहस्थ सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी मान हलवली. या उत्तरात त्यांना काहीतरी पटलं असावं.

बरडीवर साडेबाराला जेवण झालं. पाहुण्यांनी पुऱ्या आणल्या होत्या, रुक्माबाईंनी तांदळाची भाकर आणि लाखोळीची भाजी. दुर्गेश्वरीबाईंनी भाजी मागून घेतली, दोनदा. यादोरावांना वाटलं, हेही आपल्याच खात्यात धरायला हरकत नाही. जेवणानंतर रुक्माबाईंना टेकडीच्या पलीकडच्या उतारावर बोरीची झाडं दिसली. पिकलेली बोरं आणि खाणारं कुणी नाही, हे त्यांना पाहवेना. पदर खोचून त्या तिकडे गेल्या.

तेवढ्यात वारा सुटला. व्याह्यांना सर्दीची धास्ती. शिवाय बरडीवरून सुटायची वेळही झाली होती. एक चाळीसला यादोरावांनी शिट्टी तोंडात धरली, बोटाने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. पुढे तीन. सहा आल्या होत्या, सहा बसल्या. सवाऱ्या जुळल्या की कंडक्टरच्या मनात एक शांतता उतरते. ध्यानाला बसणाऱ्यांनाही ती सहजी मिळत नसेल. शिट्टी वाजली. उदारामने एकदा काठाकडे पाहिलं, एकदा यादोरावांकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि वल्हं मारलं.

पाळीवर उतरल्यावर दुर्गेश्वरीबाई मागे वळून पाहू लागल्या. "भैया, दीदी नहीं उतरीं?"

"कोन दीदी?"

"आपकी घरवाली."

यादोरावांनी पुन्हा मोजलं. सहापर्यंत गेलेलं बोट पुढे रिकाम्या पाण्याकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

चौतीस वर्षं रुक्माबाई त्यांच्या गाडीत घरच्यांच्या पासावर बसल्या होत्या, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. तिकीट नाही म्हणजे मोजणी नाही. स्टिअरिंग मोजत नाहीत, घंटीची दोरी मोजत नाहीत, तशा रुक्माबाई. गाडी असेल तिथे त्या असणारच होत्या. आपण त्यांना विसरलो असं यादोरावांना वाटत नव्हतं. विसरायला आधी कधीतरी आठवण काढावी लागते.

"उदाराम!" ते ओरडले. "तू पाह्यलं नाई?"

"पाह्यलं न जी."

"मंग बोलला काऊन नाई?"

"मले वाटलं तुमचं भांडन झालं. नवराबायकोच्या मधात मी कायले पडू?"

मुन्नालालजी घसा खाकरून म्हणाले, "बाली में हम छब्बीस जन थे. गाईड एक को भी नहीं भूला."

यावर ते वयस्कर व्याही दिवसात पहिल्यांदाच बोलले. "उसकी बीवी साथ में थी क्या?"

नाव परत फिरली. सवारी नसलेल्या नावेत यादोराव मधोमध बसले. मध्यावर आल्यावर फोन वाजला. विवेक.

"बाबा, आई बेटावर आहे!"

"मालूम आहे."

"मी सहज फोन केला तर म्हणते, एकटीच आहे, बाबा गेले! तुम्ही तिला विसरलात?"

"विसरलो नाई. मोजलं नाई."

"त्यात फरक काय?"

यादोरावांनी खरोखर विचार केला. पाच-सहा वल्ही पडली. फरक होता, पण फोनवर सांगण्यासारखा नव्हता.

"बाबा, आता रविवारची वाट नको. मी उद्याच टेम्पो पाठवतो. तुम्ही दोघं तिथे एकटे राहूच शकत नाही."

फोन बंद झाला. उदाराम म्हणाला, "नागपूरले गेले तं तुमची पाटी मी लावू का?"

"चूप बस."

रुक्माबाई काठावरच्या सपाट दगडावर बसल्या होत्या. पदरात बोरं, बाजूला बियांचा लहानसा ढीग. त्यांनी नावेकडे पाहिलं नाही. उदारामने नाव दोन हात अलीकडेच थांबवली. "अगोदर दुरूनच बोला," तो हळूच म्हणाला. "अठी गोटे लय आहेत."

"रुक्मा," यादोराव म्हणाले. "चुकलं."

"किती वाजले?"

"दोन पन्नास."

"म्हंजे घंट्याच्या वर झालं." एक बी ढिगावर पडली. "मी पैले आवाज देल्ला. मंग शिव्या देल्ल्या. लय देल्ल्या. मंग आयकनारं कोनी नाई म्हून चूप बसली. मंग पडली थोडी. डोरा लागला."

"झोपली?" यादोरावांना नवल वाटलं. चाळीस वर्षांत त्यांनी बायकोला दिवसा आडवी झालेली पाहिली नव्हती.

तेवढ्यात रुक्माबाईंच्या मांडीवरचा फोन वाजला. विवेकचा आवाज काठावरून नावेपर्यंत आला. "आई, बाबा पोचले का? तू रडू नकोस. उद्या टेम्पो येतोय. तुला आता एकटं राहायचं कामच नाही."

"रडून कोन राहिलं?" रुक्माबाई म्हणाल्या. "आन तुझ्याकडं काय आहे? तू नऊले जाते, दीप्ती आठले जाते. मी दिवसभर कडी लावून बसतो. दारात माणूस आला तं त्या भोकातून पाहातो. माहा महिना तसाच गेला बाप्पा. एकटी तठी बी आहो, अठी बी आहो. अठी बोरं तं आहेत."

"आई, पण बाबा तुला सोडून गेले!"

"मंग आले न घ्यायले."

मग विवेक म्हणाला, "टेम्पोवाल्याला पैसे देऊन झालेत, आई."

"तं येऊ दे रविवारी. पन उद्या नाई. उद्या मले चिवड्याचे पोहे भाजाचे आहेत."

फोन ठेवून त्या उठल्या आणि चपला हातात घेऊन पाण्यात उतरल्या. यादोरावांनी हात पुढे केला. त्यांनी हाताकडे पाहिलं, त्यात बोरांचं गाठोडं दिलं आणि स्वतः काठ धरून चढल्या. पुढच्या फळीवर, लेडीजच्या जागी बसल्या.

नाव वळली. यादोरावांनी बराच धीर गोळा केला.

"म्हंजे… काम दिसलं?"

"दिसलं."

यादोरावांनी खिशातला पंच काढून टिकटिक वाजवला.

"तुमाले येत नाई, ते बी दिसलं," रुक्माबाई म्हणाल्या. "इतिहास इचारला तं म्हने बंद राहते. माहेर माहं पलीकडच्या काठाले. मले इचाराचं तरी."

उदाराम पाण्याकडे तोंड करून हसला. यादोराव बोरं सांभाळत बसले.

रविवारी टेम्पो आला. पैसे भरलेला टेम्पो रिकामा पाठवणं रुक्माबाईंना मान्य नव्हतं. बांधलेलं सामान सोडायला दोन दिवस गेले होते. आता त्यांनी त्यात तांदळाची दोन पोती चढवली, लाखोळीच्या डाळीचा डबा, दीप्तीसाठी चिवडा आणि सगळ्यात वर विवेकची शाळेतली सायकल. तिची चेन पंधरा वर्षांपूर्वीच गेली होती आणि तेव्हापासून ती गोठ्याच्या वाटेत आडवी उभी होती.

"हे कायले?" ड्रायव्हरने विचारलं. "तिसऱ्या माळ्यावर कोन चढवनार?"

"त्याची आहे, तो चढवन," रुक्माबाई म्हणाल्या आणि टेम्पो गल्लीच्या वळणावर गेला तशी झाडू घेऊन गोठ्याची वाट झाडायला लागल्या.