पाव फेरा

केडगावच्या माझ्या गॅरेजात आज ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा वास आला आणि मी मनानं अकोले तालुक्यातल्या डोंगरात पोचलो. रस्त्यावर झाड आडवं, मागं बाळंतपणाला निघालेल्या बाईची जीप, आणि ते कापायला नेलेला माझा चेनसॉ काळा धूर ओकत सारखा बंद पडत होता. प्लग बदलला, फिल्टर झटकला, व्यर्थ. शेजारच्या वाडीतले म्हातारे सखामामा म्हणाले, "इथवर चढून तुमालाच दम लागलाय. त्यालाबी हवा कमी पडत असंल."

उंचावर हवा कमी, म्हणजे त्या मानानं पेट्रोल जास्त. पेट्रोल सोडणारा कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा आवळला आणि मशीन खणखणीत चाललं.

जीप गेल्यावर लोकांनी मिस्तरी म्हणून मला पहिला चहा दिला. मामांचं नाव न घेता मी तो प्यायलो. हल्ली जिना चढताना दम लागला, की तो मामांचा चहा आठवतो.