फोटो स्टॉप नको, आत जायचंय

निघायच्या आधीच्या रविवारी पवईहून माझा थोरला भाऊ आमच्या मुलुंडच्या घरी आला आणि त्याने आईला खुर्चीतून हात न टेकता उठून दाखवायला सांगितलं. आई ऐंशीच्या घरातली. डावा गुडघा कधीचाच संपावर गेलेला. ती हात टेकूनच उठली, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली, चहाचा कप आणून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "झाली परीक्षा? आता पास का नापास ते तुझं तू ठरव. मी जाणार आहे."

दादा माझ्याकडे वळला. "वंदना, तू तरी डोकं वापर ना. काय आहे तिथे? पडके दगड आहेत. मोबाइलवर दाखव तिला, घरबसल्या बघेल."

मी डोकं वापरूनच तिकिटं काढली होती. अंधेरीच्या विमा कार्यालयात इतकी वर्षं काढल्यावर कुठे गप्प बसायचं आणि कुठे नाही, एवढं मला कळतं. आई घाटकोपरच्या एका शाळेत शिपाई होती. इतिहासाच्या वर्गात जगातल्या प्रसिद्ध इमारतींचा एक तक्ता टांगलेला होता आणि तो पुसायचं काम तिच्याकडे. ताजमहाल, पिरॅमिड तिच्या ओळखीचे होते. त्यातल्या गोल, अर्ध्या फुटक्या इमारतीबद्दल तिने एकदा वर्गातल्या बाईंना विचारलं, तेव्हा "रोममधला आखाडा आहे, माणसं झुंजायची तिथे" असं उत्तर मिळालं. तेव्हापासून तिला रोमचा आखाडा बघायचा होता. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

आईला दोन वेळा वरण-भात मिळावा म्हणून आम्ही आपल्याकडच्या लोकांच्या ग्रुप टूरने गेलो. त्यांच्या कार्यक्रमात कोलोसियमपुढे 'फोटो स्टॉप' असं लिहिलं होतं. म्हणजे बस थांबणार, आपण उतरायचं, इमारतीकडे पाठ करून मोबाइलकडे बघून हसायचं आणि परत बसमध्ये जाऊन बसायचं. वर्षानुवर्षं मनात धरलेल्या जागेकडे आईने पाठ करून यावं, हे मला पटण्यासारखं नव्हतं. मी घरूनच आत जायची दोन तिकिटं ऑनलाइन काढून ठेवली. पटकन उघडणारी आणि मिटणारी एक चाकांची खुर्चीही घेतली, कारण आईला घरात चालता येतं, रस्त्यावर नाही.

रोममधल्या पहिल्या सकाळी हॉटेलात नाश्त्याला कडक पाव, चीज आणि गोड बिस्किटं होती. आईने पिशवीतून जवसाची चटणी काढली, पावावर पसरली आणि समाधानाने खाल्ली. शेजारच्या टेबलावर बोरिवलीचे एक निवृत्त बँक अधिकारी बसले होते. सगळा ग्रुप त्यांना काका म्हणत असे. त्यांनीही चटणी मागून घेतली. त्यांच्याबद्दल पुढे जे लिहिणार आहे त्यात ही गोष्ट सुटून जायला नको, म्हणून आधीच नोंदवते. माणूस वाईट नव्हता.

बस एका वळणावरून पुढे आली आणि आमचा टूर मॅनेजर समीर माइकवर म्हणाला, "डावीकडे बघा." सगळी बस डावीकडे झुकली. चित्रात कोलोसियम कितीही वेळा बघितलेलं असो, समोर आल्यावर माणूस मान वर करून बघत राहतोच. कमानींवर कमानी, त्यांवर पुन्हा कमानी, आणि एका बाजूने तोडलेल्या भाकरीसारखी उतरत गेलेली भिंत. पिवळट दगडाला जागोजाग भोकं. आईने काचेला हात लावला. "तक्त्यात लहान दिसायचं," एवढंच म्हणाली.

बस थांबल्यावर मी समीरला आमची तिकिटं दाखवली. त्याचा चेहरा पडला. "ताई, आधी सांगायचं ना. आपला लंच बुक आहे. एवढ्या सगळ्यांना तुमच्यासाठी थांबवू शकत नाही मी."

"थांबू नकोस. आम्ही टॅक्सीने हॉटेलवर येऊ."

"आणि आजींना काही झालं तर? वाट लागेल माझी."

तेवढ्यात काका मधे पडले. "अहो, आजींना कशाला त्रास देता? बाहेरून सगळं दिसतंय की. त्यांना इथे सावलीत बसवा, आम्ही लक्ष ठेवतो. आजी, तुम्ही बसा हो बाहेर निवांत."

ते हे अगदी प्रेमाने बोलले. पण 'बसा बाहेर' हे ऐकताच आईचा चेहरा बदलला. तो चेहरा मी लहानपणापासून ओळखते. आम्ही बौद्ध, जालन्याकडचे. आईचं बालपण गावात गेलं आणि त्या गावात तिला कुठे कुठे बाहेर बसायला सांगितलं होतं, ते ती एकेका वाक्यात, भाजी निवडता निवडता सांगत आलेली आहे. देवळाच्या बाहेर, किराणा दुकानाच्या पायरीखाली, शाळेत दाराशी. काकांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"लय बसले बाहेर," आई शांतपणे म्हणाली. "आता नाही बसायची. वंदे, खुर्ची उघड."

मी खुर्ची उघडली. समीरने दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "तुमच्या जबाबदारीवर हां ताई." जबाबदारी माझीच होती, दुसऱ्या कुणाची असणार? ग्रुप फोटोसाठी रांग लावत होता, त्यांच्यासमोरून आम्ही दोघी निघालो.

रोमच्या रस्त्यांवर सांपिएत्रीनी (काळे, चौकोनी, उंचसखल दगड) बसवलेले आहेत. फोटोत ते झकास दिसतात. त्यांच्यावरून चाकांची खुर्ची ढकलायची म्हणजे हातांची आणि बसणाऱ्याच्या कमरेची परीक्षा. आई दाणदाण हलत होती. मी दर थोड्या वेळाने "दुखतंय का?" विचारत होते आणि ती दर वेळी "तू पुढं बघ" म्हणत होती. शेवटी एक चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं ते निघेना. सेल्फी स्टिक विकणारा एक मध्यमवयीन माणूस पुढे आला, त्याने चाक उचलून काढलं आणि हिंदीत विचारलं, "इंडिया से?"

"मुंबई. तू कुठला?" आईने मराठीतच विचारलं.

"ढाका," तो म्हणाला. तिचा प्रश्न त्याला बरोबर कळला होता. व्हीलचेअरवाल्यांनी मोठ्या रांगेत उभं राहायचं नसतं, बाजूच्या दरवाज्यावर जायचं, हेही त्यानेच सांगितलं. त्याची सेल्फी स्टिक आम्ही घेतली नाही, याचं त्याला थोडं वाईट वाटलेलं दिसलं. रस्त्याकडेला नासोने (सतत वाहणारा पिण्याच्या पाण्याचा नळ) होता, तिथे बाटली भरून घेतली आणि बाजूच्या दरवाज्यावर पोहोचलो.

तिथे माझी फजिती झाली आणि ती अस्सल मुंबईकराची होती. रोममध्ये पाकीटमार फार, असं मला मुलुंडपासून सगळ्यांनी बजावलं होतं. मी कुर्ला स्टेशनवर वाढलेली बाई, मला कोण लुटणार, या तोऱ्यात मी सकाळी आमचे दोन्ही पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत कुलूपबंद करून आले होते. दारावरच्या बाईने तिकिटं बघितली आणि म्हणाली, "पासपोर्ट." तिकिटावर नाव असतं, ते ओळखपत्राशी जुळवून मगच आत सोडतात. हे तिकिटावरच लिहिलेलं होतं. इतरांना पॉलिसीची कलमं वाचून दाखवण्यात माझी सगळी नोकरी सरली आणि माझ्या तिकिटावरचं कलम मी वाचलं नव्हतं.

मी मोबाइलमध्ये फोटो शोधायला लागले. नेट चालेना. हॉटेलवर जाऊन परत यायचं तर तिकिटावरची वेळ टळणार. मागे वळून पाहिलं तर आमची बस अजून तिथेच होती. परत जाऊन सावलीत बसायची सोय अजून होती आणि तेच मला सहन होत नव्हतं. दारातून परत फिरायचं, तेही माझ्या मूर्खपणामुळे. मला आईकडे बघवेना.

आईने मात्र पदराआडून कापडी कसा काढला. त्यातून प्लास्टिकमध्ये घातलेलं आधार कार्ड निघालं. "हे दे तिला."

"आई, इथे आधार कार्ड कोण विचारतंय?"

"दे तर. रेशनला चालतं, बँकेत चालतं, दवाखान्यात चालतं. हिला काय झालंय?"

मी लाजतच ते पुढे केलं. आपण कुठेही जाताना आधार बरोबर घेतोच, तसं माझंही पर्सच्या कोपऱ्यात निघालं. त्या बाईने आमची कार्डं उलटसुलट केली. वरची मराठी अक्षरं बघितली, खालचं इंग्रजी नाव तिकिटाशी लावून बघितलं. आधारवरचा फोटो जसा यायचा तसाच आला होता. त्यात आई कुणाला तरी पकडून आणल्यासारखी दिसते. बाईने फोटो बघितला, आईकडे बघितलं. आई तिच्याकडे अगदी तशाच चेहऱ्याने बघत होती. त्या बाईला हसू आलं. तिने कार्डं परत दिली आणि हाताने आत जायची खूण केली.

आत गेल्यावर थोडा वेळ अंधार आणि गारवा होता, उंच कमानींखालचा. मग आम्ही उजेडात आलो आणि सगळा गोल एकदम समोर उघडला. मधली जमीन बरीचशी गेलेली आहे. तिच्याखालची तळघरं उघडी पडलीत, भिंतींच्या अरुंद गल्ल्यांसारखी. तिथे जनावरं आणि झुंजायची माणसं ठेवायचे आणि वेळ आली की वर काढायचे. एका टोकाला नव्याने थोडी जमीन घातली आहे, म्हणजे पूर्वी कसं दिसत असेल याचा अंदाज येतो. माहितीच्या फलकावर कोण कुठे बसत असे ते दिलं होतं. सगळ्यात पुढे, संगमरवरावर, राज्य चालवणारे सरदार. त्यांच्या मागे पैसेवाले. मग साधे नागरिक. अगदी वर, जिथून खालचं माणूस बोटाएवढं दिसत असेल, तिथे बायका आणि गोरगरीब. मी आईला वाचून दाखवलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "माती कोण टाकायचं?"

"वाळू असायची आई. रक्त शोषून घ्यायला. गुलाम टाकत असणार."

"आणि झुंज लागल्यावर ते कुठं जायचे?"

"खाली तळघरात असतील. नाहीतर पार वर."

आईने खालच्या जमिनीकडे बोट केलं. मग म्हणाली, "आमच्या जत्रेत कुस्त्या लागायच्या. आखाड्याची माती माझा बाप आणायचा. खणून, चाळून, डोक्यावरनं वाहून. कुस्त्या सुरू झाल्या की आम्हाला दोरीच्या पार मागं. मी त्याच्या खांद्यावर बसायची तरी नुसत्या लोकांच्या पाठी दिसायच्या. ओरडा झाला की विचारायची, आबा, कोण पडलं? त्याला तरी कुठं दिसत होतं? मनानंच सांगायचा कुणाचं तरी नाव."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला, कुणावर काढायचा ते न कळणारा.

"मला पुढं ने," आई म्हणाली. "अगदी पुढं."

मी खुर्ची पुढच्या कठड्याकडे ढकलली. तिथे फोटो काढणाऱ्यांची दाटी होती. मी मोठ्याने "एक्सक्यूज मी" म्हणत राहिले आणि जो हलेना त्याच्या टाचेला चाक हळूच लावलं. जागा झाली. आई उठून कठड्याला धरून उभी राहिली. थोड्या वेळाने पाय थरथरायला लागले तशी ती शेजारच्या पडलेल्या खांबाच्या तुकड्यावर टेकली. लगेच एक रखवालदार आला आणि बोट हलवत म्हणाला, "नो सिट, सिन्योरा (बाईसाहेब)."

"काय म्हणतोय?"

"दगडावर बसायचं नाही म्हणतोय."

आई माझा हात धरून उठली आणि आपल्या खुर्चीत जाऊन नीट बसली. पदर सारखा केला. "त्याला सांग, बसायला मी माझी खुर्ची घेऊन आलेय. त्याचा दगड त्याला लखलाभ."

मी त्याला सांगितलं नाही. पण तिच्या बोलण्याच्या सुरावरून त्याला काय ते कळलं असावं, कारण तो हसून बाजूला झाला आणि नंतर मागचे लोक पुढे घुसायला लागले तेव्हा त्यानेच त्यांना अडवलं. आई तिथे तिला पाहिजे तेवढा वेळ बसली. मी तिला निघायला सांगितलं नाही. मोबाइल दोनदा वाजला, समीरचा होता. बस गेली होती.

दुपारी आम्ही एका छोट्या दुकानात सुप्ली (भाताचा तळलेला गोळा, आत चीज) खाल्ले. आईला ते बटाटेवड्यापेक्षा डावे वाटले, पण तिने दोन संपवले. संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत काका भेटले. ग्रुपचं दुपारचं पंजाबी जेवण तिखट होतं, अशी त्यांची तक्रार होती. "मग आजी, काय होतं आत? पडकंच सगळं ना?"

"हो, पडकं आहे," आई म्हणाली. "तुम्ही पण बघून यायला पाहिजे होतं." काका काहीतरी बोलणार होते, पण त्यांच्या पत्नी त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "मी तुम्हाला म्हटलं होतं ना, आत जाऊया." लिफ्ट येईपर्यंत त्या दोघांचं तेच चाललं होतं.

पुढे आम्ही आणखी शहरं बघितली, बर्फही बघितला. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. एक मात्र मला सांगायचं आहे. जगातल्या बहुतेक मोठ्या जागा कुणाला तरी बाहेर ठेवून बांधलेल्या आहेत आणि आता तिकीट काढून तिथे कुणीही जाऊ शकतं. तरीही 'तुम्ही कशाला त्रास घेता' असं म्हणणारं कुणीतरी दारात भेटतंच. कधी तो आपलाच भाऊ असतो, कधी चटणी मागून घेणारे काका, आणि पासपोर्ट तिजोरीत बंद करून वाट अडवणारी थोडीशी मीसुद्धा. प्रेमाने म्हटलं म्हणून ते ऐकायचं, असं काही नाही.

मुंबईच्या विमानतळावर दादा घ्यायला आला होता. आईचे सुजलेले पाय बघून त्याने आधी माझ्याकडे रागाने पाहिलं, मग तिला गाडीत बसवत म्हणाला, "बघ, सांगत होतो ना. दमलीस की नाही?"

"दमले तर," आई म्हणाली. "जन्मभर बाहेर उभी राहून दमले रे. या वेळी आत जाऊन दमले."