साडेचार ते बावीस

माय गेली त्या दिवशी भावकीतल्या कुणीतरी विचारलं, "फोटू हाय का तिचा?" आहे. पण तो दाखवताना ती कुठं आहे ते बोटानं सांगावं लागतं.

तो फोटो काढला त्या उन्हाळ्यात माझे वडील, दादा, अंथरुणाला खिळले होते. वारं लागू देऊ नका, असं हकिमानं बजावल्यामुळं त्यांना माजघरात ठेवलं होतं. मी हैदराबादेहून सुटीवर येताना मित्राचा कॅमेरा मागून आणला. घरात कुणाचाच फोटो नव्हता. निदान दादांचा राहावा, एवढंच मनात होतं.

भिंगाभोवती आकडे होते, साडेचारपासून बावीसपर्यंत. आकडा मोठा तसा उजेड जास्त, असं मी धरून चाललो. अंधाऱ्या माजघरात बावीस लावून निजलेल्या दादांचे फोटो काढले आणि रोल गुलबर्ग्याला धुवायला नेला. फोटोवाल्यानं कोरी पट्टी माझ्यापुढं धरली. "क्या मियाँ, अंधेरे का फोटो निकाले क्या?"

घरी येऊन रिकाम्या कॅमेऱ्याची पाठ उघडली, खटका दाबून भिंगामागची झाप उघडी धरली आणि दादांच्या उशाशी बसून भिंगातून बघू लागलो. साडेचारावर भोक बोराएवढं होतं. बावीसवर ज्वारीच्या दाण्याएवढं.

"काय बघायलास रं?"

"आकडा वाढला की भोक बारीक होतंय, दादा."

त्यांना हसू आलं आणि पाठोपाठ खोकला. मग म्हणाले, "वावराचं बी तसंच की. वाटेकरी वाढले की वाटा बारीक."

नंतर मी तो आकडा कधी चुकलो नाही.

दादा दिवसेंदिवस खचत होते. एका दुपारी स्वतःच म्हणाले, "बसव मला. आज काढ."

दादांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणे, बाहेरच्या दारात बसले होते. "कामून काढायलास? फोटूनं आयुष्य कमी होतंय."

"कमी व्हायला उरलंय किती, अण्णा?" दादा म्हणाले.

अण्णा जागचे हलले नाहीत. उशांचा टेकू देऊन मी दादांना बसवलं. उजेड होता तो अण्णांच्या बाजूनं येणारा, तेवढाच. दादांनी मान वळवून हाक दिली, "ये की गं. बस इथं."

माय सैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. समोर थोरले दीर. त्यांच्यादेखत ती नवऱ्याशेजारी कधी बसली नव्हती. पदर कपाळावर ओढून चौकटीला धरून उभी राहिली. अण्णा उठतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांना उठा म्हणायची माझी छाती नव्हती.

दादांच्या घशात घरघर सुरू झाली होती. मित्रानं मला सांगितलं होतं की बारीक भोकातून जवळचं आणि लांबचं दोन्ही स्वच्छ येतं; मोठ्या भोकातून ज्याच्यावर नेम धरला तेवढंच. बावीस लावलं असतं तर मायही स्वच्छ आली असती, पण मग झाप बराच वेळ उघडी ठेवावी लागली असती, आणि दादांना तेवढा वेळ खोकला आवरला नसता. साडेचारावर दोघांतलं एकच येणार होतं.

"दादा, जरा दम धरा."

त्यांनी ओठ मिटले. गळ्याची शीर उडत होती. मी साडेचारावर खटका दाबला, आणि लगेच उबळ आली. माय धावत पुढं आली, अण्णांसमोरच, आणि तिनं दादांना छातीशी धरलं. पुन्हा त्यांना बसवलं नाही. आठवड्याच्या आत ते गेले.

फोटोत दादांच्या दाढीचा खुंट न् खुंट दिसतो. त्यांच्या खांद्यामागं एक उभी धूसर आकृती आहे, नाक नाही, डोळे नाहीत.

पुढं मी मायला किती वेळा म्हटलं, अंगणात बस, उजेड भरपूर आहे. ती म्हणायची, "माझा हाय की. त्यांच्या मागं." रोज दिवा लावण्याआधी ती पदरानं त्या फोटोची काच पुसायची.

परवा मोठा करून घ्यावा म्हणून मी तो गुलबर्ग्याला नेला. आता दुकानात फोटोवाल्याचा मुलगा बसतो. त्यानं फोटो उजेडाकडं धरला आणि म्हणाला, "साहेब, मागचा डाग कापून टाकू? चेहरा उठून दिसेल."

मी हात पुढं करून फोटो परत मागितला.