दीक्षाची उलटतपासणी

हे पुरं मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. अर्धं सांगतो — कोर्टातल्या बाररूममध्ये, वकील मित्रांना, चहा पिता पिता. हसत. उरलेलं अर्धं तुम्ही ऐका.

मी कणकवलीत वकिली करतो. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसेस माझ्याकडे फार. बहुतेक जण गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि सुटतात. माझ्या एका अशिलाला, संदेशला, ते चालणार नव्हतं. तो परदेशी बोटीवर नोकरी करणारा माणूस. शिक्षा लागली की पोलिसांचा दाखला अडकणार, नोकरी जाणार. "वकीलसायब, कायव करा, पण माका सोडवा!" प्यायला होता का? होता. त्यानेच सांगितलं मला.

त्याला नाक्यावर अडवलं दीक्षाने. नवी कॉन्स्टेबल, त्याच्याच वाडीतली. दुसऱ्या कुणी 'जांव दे, आपलोच आसा' म्हणून सोडला असता. तिने मशीन पुढे धरलं, फुंकायला लावलं. आकडा चढला. मशीनमध्ये खोट काढावी, तर तीही सापडेना. मग मी काय करावं?

मी तिलाच धरलं.

उलटतपासणीत विचारलं — आरोपी ओळखीचा? "होय." लहानपणापासून? "होय." खरं तेच सांगत होती पोर. मग मी आवाज खाली आणला. त्याने लग्नाला नकार दिला, म्हणून सूड उगवलात ना?

असं काही नव्हतंच हो! संदेशही कधी असं बोलला नव्हता. मी रचलं — आदल्या दिवशी, आंघोळ करताना. सुचलं तेव्हा स्वतःवर खूश झालो होतो. काय म्हणाल अशा माणसाला?

"ह्यां खोटां आसा!" ती ओरडली — भर कोर्टात, मालवणीत. मागच्या बाकावर तिचे बाबा बसले होते, मान खाली घालून. वाडीतले दोघे-तिघे आले होते, ते हसले.

संशयाचा फायदा मिळून संदेश सुटला, बोटीवर गेला. दीक्षाचं ठरत आलेलं लग्न मोडलं. वाडीला निकालाशी देणंघेणं नव्हतं, माझा तो एक प्रश्न पुरेसा झाला. बाररूममध्ये सांगताना मी हे मोडलेलं लग्न गाळतो.

गेल्या मे महिन्यात तोंडवलीला मित्राकडे जेवायला गेलो होतो. प्यायलो, चांगलाच. भर दुपारी गाडी घेऊन परतताना नाक्यावर हात आडवा आला. दीक्षा. काच खाली केली. वास तिला आला — आला म्हणजे आलाच. तिच्या जोडीच्या शिपायाने मशीन पुढे केलं. तिने त्याचा हात मागे सारला.

"नको. ओळखीचे आसत. जांव दे त्येंका."

हे तिला शिकवलं कुणी? मीच ना? उतरून मशीनमध्ये फुंकायला हवं होतं. नाही उतरलो. पुढे माझे हात थरथरले, असं सांगता आलं असतं — पण ते खोटं. सुटलो म्हणून मला बरं वाटलं. गाडी दामटली, आणि घरी येऊन गाढ झोपलो.